दमदमची काडतुसे

दमदम हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून निरनिराळ्या निमित्तांनी गेलेले असते. कोलकात्याला विमानाने जाणारा माणूस जेथे उतरतो, ते दमदम. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांना ग्रामोफोन कंपनीचा कारखाना दमदमला होता हे ठाऊक असते; आपली कितीतरी नाट्यपदे त्या कारखान्यातून काळ्या तबकड्यांवर उमटून पुन्हा आपल्या दिवाणखान्यात आली. तिसरे निमित्त वर्तमानपत्रांचे. कोठे विलक्षण जखम करणारी गोळी सापडली, की बातमीदार तिला ‘दमदम गोळी’ म्हणून मोकळा होतो. शब्द मूळचा ‘दमदमा’ असा असावा असे सांगतात. किल्ल्याला वेढा घालताना तोफा चढविण्यासाठी मातीचा जो उंचवटा रचीत, त्याला आपल्याकडेही दमदमाच म्हणत असत. बंगालच्या तोफखान्याचे ठाणे पुष्कळ वर्षे तेथे होते, तेव्हा नाव अगदीच अस्थानी नाही.

या एका गावाशी दोन काडतुसांचा इतिहास बांधला गेलेला आहे. एक १८५७ सालचे आणि दुसरे १८९७ सालचे. दोहोंमध्ये चाळीस वर्षांचे अंतर. पण दोन्ही वेळी घडले ते एकाच जातीचे. रूढ काडतुसात कोणीतरी एक लहानसा फेरफार केला, तो कसोटीस लावला, आणि ती कसोटी नेमकी कशाची घ्यायची होती हे मात्र पाहिले नाही.

श्रोतेहो, मी शिकारी नव्हे आणि शस्त्रास्त्रांचा जाणकारही नव्हे. एम.ए.ला माझा विषय इतिहास होता आणि उपजीविका सरकारी फायलींवर चालते. परीक्षेत सत्तावन्नच्या उठावाची कारणे विचारली की राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक अशी मांडणी करून शेवटी दोन ओळींत ‘तात्कालिक कारण : काडतुसे’ असे लिहून आम्ही पेपर पुरा करीत असू. ‘तात्कालिक’ या शब्दाने आमच्या पिढीतील विद्यार्थ्यांची फार सोय केली. काडतुसाकडे पाहण्याचे कारणच उरले नाही.

ते पाहण्याचा योग नोकरीत आला. एका जिल्ह्यात असताना पोलीस शस्त्रागाराच्या पाहणीला गेलो होतो. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली तेव्हा तेथे थोड्या शिल्लक होत्या. नव्या भरतीच्या पोरांना शिकविण्यासाठी लाकडी फळीवर बसविलेले एक काडतूस तेथील हवालदाराने कपाटातून काढून दाखविले. काडतूस उभे चिरून त्याचे अंतरंग उघडे केलेले होते. फळीवर शेजारीच एक अखंड, रिकामे पितळी नळकांडे होते. त्याच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना. चिरलेल्या गोळीकडे पाहताना एक गोष्ट खटकली. वरून ती सबंध एकाच धातूची वाटते. पण आत शिसे टोकापर्यंत भरलेले नव्हते. पुढचा सुमारे एक तृतीयांश भाग दुसऱ्याच कसल्यातरी पांढुरक्या, हलक्या धातूचा होता.

“शिसे मध्येच का संपते, हवालदार?” मी विचारले.

“ते तसंच असतं, साहेब,” तो म्हणाला.

हवालदाराचे उत्तर खोटे नव्हते. परंतु ते तसेच का असते, याचा शोध घेता घेता मी दमदमला जाऊन पोहोचलो.

काडतूस म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने प्रथम कळले ते मात्र त्याही पूर्वी, कोकणात. तेथे रानडुकरे आणि वानरे यांपासून बागा राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने पुष्कळ असतात. निवडणूक आली की त्या बंदुका जमा करून घ्यायच्या आणि निकालानंतर परत द्यायच्या, असा क्रम. एक वृद्ध बागायतदार आपली बंदूक परत नेण्यास आले असता मी सहज विचारले, की दर बाराला दारू मोजून घेता काय? ते हसले. “दारू किती घालायची हे हाताला कळतं, साहेब. आणि ज्याच्या हाताला कळत नाही, त्याचा हात राहत नाही.” बंदुकीचा प्रत्येक बार हा पूर्वी असा एकेक घरगुती प्रयोगच असे. दारू वेगळी, गोळी वेगळी, मध्ये कोंबायची चिंधी वेगळी. भरणाऱ्याचा हात हेच सर्वांचे माप. कागदाच्या सुरळीत दारू आणि गोळी आधीच बांधून ठेवली, म्हणजे माप कारखान्याकडे गेले आणि हाताकडे केवळ कृती उरली. त्या सुरळीला आपण काडतूस म्हणतो.

१८५३ साली पसंत झालेली एन्फील्ड रायफल अशाच कागदी काडतुसावर चालत असे. तिच्या नळीला आतून आटे होते. गोळी त्या आट्यांत घट्ट बसून फिरत निघावी तर ती खाली सरकविताना वंगण हवे. म्हणून काडतुसाचा गोळीकडील भाग चरबीत बुडविलेला असे. शिपायाने दुसरे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. विलायतेत यात कोणाला काही वावगे दिसले नाही.

हिंदुस्थानातील हवेत ही चरबी टिकते की नाही, हे पाहण्यासाठी १८५३ साली काही काडतुसे इकडे पाठविण्यात आली. शिपायांच्या कमरेच्या तोबऱ्यांत ती महिनोन् महिने ठेवण्यात आली आणि चरबी वितळते काय, याची नोंद झाली. कसोटी व्यवस्थित होती. फक्त ती उष्णतेची होती. बंगाल सैन्याचे अ‍ॅड्जुटंट जनरल कर्नल टकर यांनी त्याच वर्षी लिहून ठेवले होते, की या वंगणात कोणाच्या जातिधर्माला बाधक असे काही नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसे देशी शिपायांच्या हाती देऊ नयेत. हे पत्र योग्य त्या मंडळाकडे गेले आणि तेथेच राहिले. फायलीत ‘राहणे’ म्हणजे काय, हे मी आपणांस वेगळे सांगावयास नको. ते पत्र कोणी फाडले नाही, नाकारलेही नाही.

पुढे एन्फील्ड चालविण्याचे शिक्षण देण्यासाठी जी तीन ठिकाणे ठरली, त्यांतले एक दमदम. इतर दोन अंबाला आणि सियालकोट. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या दारूखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जातीच्या कारणास्तव नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की आता थोड्याच दिवसांत गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग तुमची जात कोठे राहील? लेफ्टनंट राइट या अधिकाऱ्याने २२ जानेवारीला ही हकीकत वरिष्ठांना कळविली. दारूखान्यात काम करणाऱ्या या माणसाचे नाव त्या हकीकतीत नोंदलेले नाही. पण १८५३ च्या कसोटीत न विचारलेला प्रश्न विचारला तो त्यानेच.

यानंतर सरकारी यंत्रणा मुळीच स्वस्थ बसली नाही, हे मला विशेष वाटते. आपण शाळेत शिकतो त्यात सरकार आडमुठे असते. प्रत्यक्षात बराकपूरच्या जनरल हीअरसे यांनी सुचविले, की शिपायांना वंगणाचे जिन्नस बाजारातून स्वतःच आणू द्यावेत. आठवड्याभरात तशी परवानगी निघाली. काडतुसे कोरडी द्यावीत आणि मेण, तेल, जे ज्याला चालेल ते त्याने स्वहस्ते लावावे. म्हणजे माप एकदा कारखान्याकडे गेले होते, त्यातला थोडासा भाग पुन्हा शिपायाच्या हाताकडे आला. पुढे दातांऐवजी हातांनी काडतूस फाडण्याची कवायतही बसविण्यात आली. चौकशीही झाली. आणि चौकशीत निघाले असे, की दारूखान्याला चरबी पुरविणाऱ्या कंत्राटदाराने ती कोणत्या जनावराची आणली, हे पाहण्याची खबरदारी कोणी घेतलेलीच नव्हती. अफवा खोटी आहे असे छातीठोकपणे सांगण्याचा मार्ग सरकारने स्वतःच बंद करून ठेवला होता.

तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला. नवा कागद चकचकीत दिसतो, पाण्यात लवकर भिजत नाही, जळताना चरचरतो, अशी शिपायांची साक्ष फेब्रुवारीत बराकपूरला नोंदली गेली. २९ मार्चला तेथेच मंगल पांडे पुढे आले. २४ एप्रिलला मीरतच्या तिसऱ्या घोडदळातील ९० स्वारांना हातांनी काडतूस फाडण्याची नवी पद्धत दाखविण्यासाठी मैदानावर आणले, तेव्हा ८५ जणांनी काडतुसाला स्पर्श करण्यासच नकार दिला. अधिकारी सवलत दाखवीत होता आणि स्वारांना ती परीक्षा वाटत होती. १० मेला काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. आपल्या वरसईचे गोडसे भटजी त्या सुमारास महूच्या वाटेवर होते. त्यांच्या प्रवासवर्णनातही ही काडतुसांची कथा शिपायांच्या तोंडून आलेली आहे. दमदमहून निघालेली गोष्ट महूच्या वाटेवरच्या एका भिक्षुकाच्या कानापर्यंत पोहोचली होती. तिला दोन ओळींत ‘तात्कालिक’ म्हणून टाकण्याचा मला आता धीर होत नाही.

आता मधली चाळीस वर्षे भरभर ओलांडू या. कागदी काडतूस गेले, पितळी आले. पुढून ठासण्याची बंदूक गेली, मागून भरण्याची आली. एन्फील्डची गोळी सुमारे १४.७ मिलिमीटर जाडीची आणि मऊ शिशाची असे. १८८८ सालच्या ली-मेटफर्ड रायफलीची गोळी ७.७ मिलिमीटरची झाली. हीच ती थ्री-नॉट-थ्री, कारण इंचात ती.३०३ भरते. थोड्याच वर्षांत तिच्यासाठी कॉर्डाइट ही धूर न करणारी प्रबळ दारू आली आणि वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटरांवर गेला. इतक्या वेगाला मऊ शिसे नळीच्या आट्यांत टिकत नाही, खरवडून जाते. म्हणून शिशावर तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे आवरण चढविण्यात आले. गोळी बारीक झाली, हलकी झाली, लांबवर आणि सरळ जाऊ लागली. सैनिकाला अधिक काडतुसे बाळगता येऊ लागली. या सर्व गोष्टी मोजून झालेल्या होत्या.

१८९५ साली चित्रालच्या मोहिमेत ही गोळी वायव्य सरहद्दीवर वापरली गेली आणि तक्रारी आल्या. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची जाड शिशाची गोळी लागली की माणूस जागीच कोसळत असे. ही नवी गोळी हाड चुकले तर आरपार निघून जाते, आणि लागलेला पठाण धावून येतच राहतो, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. शस्त्रवैद्यांच्या दृष्टीने हा या गोळीचा मोठा गुण होता. स्वच्छ, बारीक जखम. ती लवकर भरून येते. एकाच गोळीचा एकच परिणाम इस्पितळाच्या अहवालात गुण म्हणून आणि पलटणीच्या अहवालात दोष म्हणून नोंदला गेला. वरच्या कचेरीत दुसरा अहवाल वजनदार ठरला.

दमदमच्या काडतूस कारखान्याचे प्रमुख होते कॅप्टन बर्टी-क्ले. त्यांनी जो उपाय काढला, तो सांगायला अगदी एक वाक्य पुरते: गोळीच्या टोकावरचे आवरण थोडेसे कमी करून सुमारे एक मिलिमीटर शिसे उघडे ठेवायचे. लक्ष्यावर आदळताच ते मऊ टोक चपटे होते, आवरण मागे उलगडते आणि गोळी रुंदावते. गोळी बारीकच राहिली, वेग तोच, काडतूस तेच, रायफलही तीच. बदल काय तो एका मिलिमीटरचा. १८९७ साली ही गोळी ‘मार्क दोन, विशेष’ या शांत नावाने स्वीकारण्यात आली आणि त्याच हिवाळ्यात तिराहच्या मोहिमेत ती आफ्रिदींवर वापरली गेली. सैनिकांनी सरकारी नाव बाजूला ठेवून तिला गावाचे नाव दिले.

या गोळीचा एक धोका चालविणाऱ्यालाही होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आवरण बुडाशी उघडे असतेच, कारण शिसे तेथूनच आत भरतात. आता ते टोकाशीही उघडे झाले. म्हणजे आवरण ही दोन्हीकडून मोकळी नळी झाली. मागून येणाऱ्या वायूच्या दाबाने शिसे तेवढे पुढे निघून जावे आणि आवरण नळीतच अडकून पडावे, असे घडू शकते. पाठोपाठ दुसरी गोळी झाडली की नळी फुटते. कोकणातल्या बागायतदारांचे वाक्य येथे आठवते. कारखान्याने ठरविलेल्या मापात हात घालणाऱ्याला त्या मापामागचे सर्व हिशेब ठाऊक असतातच असे नाही.

आता एका गृहस्थाची ओळख करून देतो. जनरल गॅटेकर हे नाव मुंबईच्या इतिहासात प्लेगच्या संदर्भात येते. मार्च १८९७ मध्ये मुंबईला प्लेग कमिटी नेमली गेली, तिचे हे अध्यक्ष. घरोघर तपासणी, सक्तीने इस्पितळात नेणे, हे सर्व त्या कमिटीच्या काळातले. चित्रालच्या मोहिमेत ते एका ब्रिगेडचे प्रमुख होते. तेथे या बारीक गोळीविषयीची कुरकुर त्यांनी ऐकलेली होती. १८९८ च्या आरंभी ते सुदानात ब्रिटिश ब्रिगेडचे प्रमुख म्हणून गेले. रुंदावणारी नवी गोळी तेथे पोहोचली नव्हती. तेव्हा त्यांनी सैनिकांच्या हातांत कानशी दिल्या. नाईलच्या काठी छावणीत बसून गोरे सोजीर दिवसच्या दिवस आपल्या काडतुसांच्या गोळ्यांची टोके घाशीत होते. दमदमला यंत्रावर जे काम बेताने होत असे, ते येथे हातांनी, अंदाजाने आणि हजारोंच्या संख्येने चालले. स्वच्छतेच्या आणि शिस्तीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर म्हणून ज्याची ख्याती, त्या माणसाच्या देखरेखीखाली हे झाले, याचे मला नवल वाटत नाही. काटेकोर माणसाला साध्य ठरवून दिले की तो साधनाविषयी फारसा अडखळत नाही. ८ एप्रिलला अत्बारा नदीवर लढाई झाली, तीत ही काडतुसे वापरली गेली. सप्टेंबरात ओम्दुरमानला मात्र विलायतेहून आलेली, टोकाला पोकळी ठेवलेली मार्क चार गोळी हाती आली होती.

इकडे जर्मनीत ट्यूबिंगेनचे शस्त्रवैद्य पाउल फॉन ब्रुन्स यांनी १८९८ साली ‘दमदम’ गोळीच्या परिणामांविषयी प्रयोग करून निबंध प्रसिद्ध केला. जखमांची वर्णने वाचून युरोप हादरले. परंतु ब्रुन्स यांच्यापाशी दमदमची गोळी नव्हतीच! त्यांनी मौझर बंदुकीची, शिकारीसाठी विकली जाणारी, कितीतरी अधिक शिसे उघडे असलेली गोळी वापरून निष्कर्ष काढले होते. अ‍ॅबर्डीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन, ज्यांनी पू निर्माण करणारे स्टॅफिलोकॉकस हे जंतू ओळखून त्यांना ते नाव दिले तेच हे, यांनी हा दोष नेमका दाखवून दिला. शास्त्रीय वादात ऑग्स्टन यांची बाजू बळकट होती, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती बळकट होती म्हणून तिराहमधल्या माणसाच्या जखमेत काही फरक पडत होता काय, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी काढला नाही. प्रतिपक्षाचा प्रयोग चुकीच्या गोळीवर झाला, एवढे सिद्ध झाले की आपली गोळी निर्दोष ठरते असा समज होणे फार सोपे असते. कचेरीत मीही असे कित्येक आक्षेप निकालात काढलेले आहेत. अर्जदाराने कलम चुकीचे नमूद केले, सबब अर्ज अमान्य.

१८९९ च्या मे ते जुलै या काळात हेग येथे शांतता परिषद भरली. २६ राष्ट्रे आली होती. त्यापूर्वी १८६८ साली सेंट पीटर्सबर्गला एक करार झालाच होता, ४०० ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या युद्धात वापरू नयेत असा. त्याचा पुढाकार रशियाने घेतला होता, आणि अशी गोळी तयारही रशियानेच केली होती. आपल्याच शोधाची धास्ती घेऊन तो बाजूला ठेवण्याचे असे उदाहरण विरळा. हेगला चर्चेसाठी आली ती रुंदावणारी गोळी. ब्रिटनच्या वतीने मेजर जनरल सर जॉन अर्दा बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की सुसंस्कृत सैनिकाला बारीक गोळी लागली तरी तो जखमी झाल्याचे ओळखून मागे सरतो. पण रानटी माणूस कितीही गोळ्या लागल्या तरी धावून येतो, आणि तुमच्या गोळीने आंतरराष्ट्रीय नियमाचा भंग झाला आहे हे त्याला समजावून देण्याच्या आतच तो तुमचे मुंडके उडवितो. सभागृहात बहुधा थोडे हसूही झाले असेल.

मतदानात ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिली, तरी २९ जुलैला घोषणा संमत झाली. ज्यांचे कठीण आवरण गाभ्याला पूर्णपणे झाकीत नाही किंवा ज्यांच्या आवरणावर चिरा पाडलेल्या आहेत, अशा, शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरू नयेत, असे तिचे शब्द आहेत. दमदमचे नाव त्यात नाही; वर्णन मात्र इतके हुबेहूब आहे की नावाची गरजच नाही. ब्रिटनने ती घोषणा पुढे १९०७ मध्ये मान्य केली.

घोषणेच्या शेवटी एक कलम आहे आणि माझ्यासारख्या कलमे वाचून पोट भरणाऱ्याचे लक्ष तेथेच खिळते. ही बंदी करारात सामील झालेल्या राष्ट्रांमधील युद्धापुरतीच लागू आहे. अशी कलमे त्या काळच्या सर्वच करारांत असत, हे खरे. परंतु येथे त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्यांच्यासाठी गोळी तयार झाली ते आफ्रिदी, ज्यांच्यासाठी कानशी चालल्या ते सुदानी, यांपैकी कोणीही हेगला बोलावलेले नव्हते. युरोपातल्या सैनिकाच्या शरीराला संरक्षण मिळाले. ज्या शरीरांवर प्रयोग झाला, ती कराराच्या बाहेरच राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी युद्ध सुरू झाले. बोअरांची प्रजासत्ताकेही हेगच्या करारात नव्हती, म्हणजे कायद्याची अडचण तेथेही नव्हती. तरी ब्रिटिशांनी पोकळ टोकाच्या गोळ्या त्या युद्धातून मागे घेतल्या. शिसे निसटून आवरण नळीत राहण्याचा जो दोष मी सांगितला, तो या गोळ्यांत दिसून आला होता, हे एक कारण. समोरचा शत्रू गोरा होता आणि युरोप पाहत होता, हे दुसरे कारण मी मानतो.

मग चिरलेल्या काडतुसातले शिसे मध्येच का संपते? १९१० साली थ्री-नॉट-थ्रीसाठी टोकदार अशी नवी गोळी स्वीकारण्यात आली, मार्क सात. वजन १७४ ग्रेन, म्हणजे ११ ग्रॅमांहून थोडे अधिक. तिचे आवरण टोकापासून अखंड आहे. कोठे उघडे शिसे नाही, कोठे चीर नाही. हेगच्या घोषणेतील प्रत्येक शब्द तीत पाळलेला आहे. फक्त आत, टोकाकडच्या भागात शिशाऐवजी अ‍ॅल्युमिनियम भरलेले असे. महायुद्धाच्या धामधुमीत लाकडाचा लगदाही भरीत. त्यामुळे गोळीचा भार मागे राहतो. हवेत ती आपल्या फिरण्याच्या बळावर सरळ जाते; शरीरात शिरली की तोल जाऊन आडवी होते आणि उलटते. ती रुंदावत नाही, चपटी होत नाही. जखम मात्र मोठी होते. दोन महायुद्धांत ही गोळी वापरली गेली. स्वतंत्र भारतातही ती सैन्यात आणि पोलिसांत पुष्कळ वर्षे राहिली. नियमाच्या शब्दाशी प्रामाणिक राहून त्याच्या हेतूला वळसा कसा घालावा, याचा इतका नीटनेटका नमुना मी सरकारी कामकाजातही क्वचित पाहिला आहे.

आणि प्रश्न आजही सोपा झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९८ च्या रोम येथील कराराने रुंदावणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर हा युद्धगुन्हा म्हणून नमूद केला. उलट, अनेक देशांत पोलिसांना हीच गोळी मुद्दाम दिली जाते. कारण ती शरीरात थांबते, आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागण्याची शक्यता कमी होते. गर्दीच्या स्थानकावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या बाजूने विचार केला तर हा युक्तिवाद मला खोडून काढता येत नाही. पण मग शत्रूच्या सैनिकावर जी गोळी झाडणे गुन्हा, ती नागरिकावर झाडणे कायदेशीर, अशी स्थिती होते. हेही फायलीवरच ठरलेले आहे, आणि टिपणी लिहिणाऱ्याने, माझी खात्री आहे, ती फार विचारपूर्वक लिहिलेली असणार. दमदमची टिपणीही तशीच असावी. तीत क्रौर्याचा एक शब्द सापडेल असे मला वाटत नाही. ‘थांबविण्याची क्षमता’ असा काहीसा शब्द असेल.

त्या जिल्ह्यातून माझी बदली होण्यापूर्वी मी पुन्हा एकदा शस्त्रागारात गेलो. हवालदाराला त्या फळीवरच्या काडतुसाची हकीकत, जमेल तितकी थोडक्यात, सांगितली. टोकाचा भाग हलका का, भार मागे का, गोळी आत गेल्यावर कशी फिरते, हे ऐकताना तो मान हलवीत होता. मग त्याने फळी हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली.

“म्हणजे, साहेब,” तो म्हणाला, “हे असं ठरवून केलेलं आहे?”

मी होय म्हणालो. त्याने फळीवरची धूळ बाहीने पुसली, ती कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि काडतुसांच्या साठ्याची नोंदवही सहीसाठी माझ्यापुढे उघडून धरली.